कोठ्याची कैफियत

आजार सांगण्यातही एक प्रतवारी असते. हृदयविकारातून बरा झालेला गृहस्थ मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात उभा राहून आपल्या रक्तवाहिन्यांची हकिगत साद्यंत ऐकवतो. मधुमेही मनुष्य साखरेचे आकडे सांगताना परीक्षेतले गुण सांगितल्यासारखे सांगतो. बद्धकोष्ठाला मात्र हा मान नाही. ते घरातल्या घरात, खालच्या आवाजात सांगायचे दुखणे. त्याच्या जोडीला डायव्हर्टिक्युलायटिस असेल, तर त्या नावाचा उच्चार पुरा होईपर्यंत ऐकणारा दुसऱ्या विषयाकडे वळलेला असतो.

माझी ही अडचण पोप फ्रान्सिस यांच्यामुळे थोडी हलकी झाली. ४ जुलै २०२१ रोजी रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात त्यांच्या मोठ्या आतड्याचा आजारी भाग शस्त्रक्रिया करून काढण्यात आला. त्या वेळी त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. आतड्याचा ३३ सेंटिमीटर तुकडा काढला, असे पुढे त्यांनीच सांगितले. आता मी 'पोपसाहेबांना होते तेच' एवढे म्हणतो आणि लोक आदराने मान डोलावतात. मला मात्र त्यांची दुसरी बातमी अधिक जवळची वाटली. जानेवारी २०२३ मधील एका मुलाखतीत, आतड्यातल्या पिशव्या पुन्हा उद्भवल्या आहेत, असे ते मोकळेपणाने बोलून गेले.

या पिशव्या म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्या जागा मुळातच नाजूक असतात. तिथे आतले अस्तर बाहेर ढकलले जाऊन वाटाण्याएवढे फुगवटे तयार होतात. पुष्कळांना ते जन्मभर त्रास देत नाहीत. त्यांतल्या एखाद्याला सूज आली की पोटात कळ उठते, ताप चढतो, शौचाचे तंत्र बिघडते. माझ्या बाबतीत हे तीन वर्षांत तीनदा झाले. तिन्ही वेळा डाव्या कुशीत, खाली.

भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात माझी नोकरी गेली. हिशेबाच्या टेबलावर बसून बारा-बारा तास. सुताची बारीक कणी हवेत तरंगे, उकाडा असह्य होई, तरी पाणी बेतानेच प्यायचे. कारण शंभर माणसांमागे एकच शौचकूप आणि त्याच्यासमोर कायमची रांग. वेग आला की दाबायचा आणि दाबला की तो विरतो. असे वर्षानुवर्षे झाले म्हणजे कोठ्याला आपली वेळच आठवेनाशी होते. आमच्या शहरात ही कथा माझ्या एकट्याची नव्हे. स्त्रियांची तर याहून कठीण.

डेनिस बर्किट नावाच्या आयरिश शल्यविशारदाने युगांडात अनेक वर्षे काम केले. चोथायुक्त अन्न खाणाऱ्या तिथल्या ग्रामीण माणसांत हा आजार जवळजवळ आढळत नाही, हे त्यांनी पाहिले. १९७१ साली पेंटर या सहकाऱ्यासह त्यांनी, हा पाश्चात्त्यांच्या चोथाहीन आहारातून उपजलेला रोग आहे, असे मांडले. बद्धकोष्ठामुळेच पिशव्या होतात, हे त्यांचे म्हणणे पुढच्या संशोधनाने जसेच्या तसे मान्य केलेले नाही. तथापि चोथा खाणाऱ्यांना सुजेचे झटके कमी येतात, एवढे टिकून आहे. बर्किट आमच्या सणासुदीच्या पंगतीला बसले असते तर काय म्हणाले असते, असा विचार मनात येतो. मैद्याचे फुगे, तांदळाची भाकरी, मटण, आणि कोशिंबीर केवळ ताटाच्या शोभेपुरती!

खरी कसरत पुढेच आहे. सूज असताना चोथा नको. पातळ पेज, सार, ताक यांवर दिवस काढायचे. सूज ओसरली की तोच चोथा औषध ठरतो. नाचणी, ज्वारी, सालीसकट डाळी, पेरू, पपई यांच्याकडे हळूहळू, आठवड्या-आठवड्याने परतायचे. एकदम भर टाकली तर पोट फुगते आणि पेजेवर राहावे तर कोठा आवळतो. शेजारच्या मावशी दर खेपेला एरंडेल सुचवतात. त्यांच्या मायेचा मी आदर करतो, पण सुजलेल्या आतड्याला चाबूक मारू नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. इसबगोल चालते. फारसीत या नावाचा अर्थ घोड्याचा कान. उत्तर गुजरातेत त्याचे मोठे पीक होते. मात्र ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे, नाहीतर त्याचाच बोळा बसतो. दुखण्यावर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात, त्यांनी आतडे फुटण्याचा धोका वाढतो.

टोमॅटो-पेरूच्या बिया, शेंगदाणे, तीळ त्या पिशव्यांत अडकतात, म्हणून ते वर्ज्य, असे पूर्वी डॉक्टरही सांगत. ४७ हजारांहून अधिक पुरुषांची १८ वर्षे पाहणी करून २००८ साली अमेरिकन संशोधकांनी ही समजूत निराधार ठरवली. त्या वाचनानंतर घरात शेंगदाण्याची चटणी परतली. प्रतिजैविकांचेही तसेच. स्वीडन आणि आइसलँडमध्ये ६२३ रुग्णांवर झालेली चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. साध्या, गुंतागुंत नसलेल्या झटक्यात प्रतिजैविकांनी रुग्ण लवकर बरा होत नाही, असे तीत दिसले. ते केव्हा लागतात, हे डॉक्टरांनी ठरवावे. पोट लाकडासारखे कडक झाले, वारा सरेना, उलट्या वा रक्तस्राव होऊ लागला, तर मात्र घरी बसू नये.

प्रायश्चित्तकाळात मला संकोच वाटे. राखेच्या बुधवारी सारे घर उपाशी आणि मी वाटीभर पेरू खातो आहे! आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही, हे ठाऊक असूनही घास घशात अडे. आता मी त्या दिवशी चहा सोडतो. कोठ्याला त्याची उणीव भासत नाही, मला भासते.

उरला शस्त्रक्रियेचा प्रश्न. दोन झटके झाले की आतडे कापावे, असा एके काळी दंडक होता. आता झटक्यांची संख्या मोजून निर्णय होत नाही; रुग्णाचे जगणे किती अडते, ते पाहतात. माझे शल्यविशारद म्हणाले, "निर्णय तुम्ही दोघांनी घ्या." पत्नीचे मत आहे, करून टाका. पोपसाहेबांच्या पिशव्या परत आल्या, हे मी तिला दाखवतो. ती म्हणते, तोवर त्यांनी दीड वर्ष काम केले ना? यावर माझ्यापाशी उत्तर नाही. पावसाळा संपला की पुन्हा तपासणी आहे.