तेलाचा लाल दिवा

वाहनचालकासमोरच्या फलकावर लाल रंगात उजळणारे एक चिन्ह असते. लांब तोटीची बुधली आणि तोटीच्या टोकाशी लोंबणारा एक थेंब. किल्ली फिरवली की ते उजळते, इंजिन सुरू झाले की दोन-चार क्षणांत विझते आणि मग वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. या चिन्हाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ते पेटले म्हणजे तेल कमी झाले, असा अर्थ घेऊन लोक डबा आणतात आणि ओततात. वस्तुतः तेल किती आहे हे हा दिवा सांगतच नाही. तेल दाबाने पुढे जात आहे की नाही, एवढेच तो सांगतो. तेल पुरेपूर असतानाही तो पेटू शकतो. गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात वसईतील एका वाडीत हा फरक जाणून घेण्याची वेळ आली आणि त्या निमित्ताने मलाही पुष्कळ विचार करावा लागला.

प्रथम आतली व्यवस्था पाहू. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते. त्यात बुडालेल्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवलेली असते. पंप त्या जाळीतून तेल ओढतो आणि फिल्टरमधून मुख्य मार्गिकेत ढकलतो. तेथून ते क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडला, कॅमशाफ्टला पोहोचते आणि काम करून पुन्हा चेंबरात गळते. पंप दाब निर्माण करतो असे आपण म्हणतो. खरे पाहता तो केवळ प्रवाह निर्माण करतो. अरुंद फटींतून वाट काढताना त्या प्रवाहाला जो अडथळा होतो त्यातून दाब उपजतो. तो फार वाढू नये म्हणून एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. म्हणजे दाब कमी होण्याची कारणे ढोबळमानाने तीनच: पंपाला तेल मिळत नाही, पंप ते ढकलत नाही, किंवा ढकललेले तेल कोठेतरी फारच सहज निसटते आहे.

हे तेल काय करते, याचा शोध मोठा मनोरंजक आहे. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नावाचा इंग्रज अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी एक भोक होते. आस फिरू लागला की तेल खाली जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येई. त्याने भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तीही वर सरकून बाहेर पडली. मग त्याने तेथे दाबमापक लावला. बेअरिंगवरील भाराच्या सरासरीहून तेलाचा दाब कितीतरी अधिक निघाला. फिरणारा आस स्वतःच आपल्याखाली तेल ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगत राहतो, हे अशा रीतीने कळले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. इंजिनातही असेच घडते. लोखंड लोखंडाला लागत नाही. मध्ये केसाहून बारीक तेलाचा थर असतो. पंपाचे काम त्या थराला अखंड पुरवठा करण्याचे. पुरवठा तुटला की काही मिनिटांत बेअरिंगचे शेल खरवडले जातात आणि इंजिनाचे पूर्ण काम निघते.

आता त्या वाडीकडे वळतो. ते कुटुंब सोनचाफा, मोगरा आणि जास्वंद पिकवते. शेजारच्या चार-पाच वाड्यांतली फुलेही त्यांच्याच डिझेल टेम्पोतून पहाटे दादरच्या फुलबाजारात जातात. टेम्पो दहा वर्षांचा. घरातील थोरला मुलगा आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेत होता. सणाचा हंगाम तोंडावर आला, गॅरेजची मजुरी वाचावी आणि गाडी धडधाकट असावी, या सद्‌हेतूने त्याने घरच्या अंगणातच तेल बदलले. आजीबाईंची प्रकृती विचारायला म्हणून मी सायंकाळी तेथे गेलो, तेव्हा बॉनेट उघडे होते आणि अंगणात मोठाच वाद चालला होता.

वादाचा विषय असा: इंजिन सुरू केले की लाल दिवा विझे, मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा पेटे. अर्धा तास थांबून सुरू केले की पुन्हा तसेच. वडिलांच्या मते हा तारेचा सैलपणा होता. "दिवा येतो-जातो म्हणजे वायर हलत असणार. इंजिन बिघडले असते तर दिवा विझलाच नसता," असा त्यांचा युक्तिवाद. नाक्यावरच्या कोणीतरी तर स्विचची तार काढून ठेवा, सणानंतर पाहू, असा सल्लाही दिला होता. मुलगा रडवेला होऊन म्हणत होता, "बाबा, नका नेऊ गाडी." फुलांच्या पाट्या ओट्यावर ओल्या फडक्याखाली रचलेल्या होत्या. ऐन हंगामातली ती कमाई वर्षभराच्या हिशेबात मोठी असते.

तरुणपणी तलासरीकडच्या आदिवासी भागात असताना जीपची निगा स्वतःच राखावी लागे. तेथील एका वृद्ध ब्रदरांनी मला एक शिस्त लावली होती: स्वस्त आणि सोपी तपासणी आधी, खर्चिक नंतर, आणि खात्री होईपर्यंत इंजिन बंद. "फादर, तुम्हीच सांगा आता," असे वडील म्हणाले, तेव्हा मी तीच शिस्त पुढे ठेवली.

गाडी सपाट जागी उभी केली. दहा मिनिटे थांबून डीपस्टिक पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल दोन खुणांच्या मधोमध होते. कमी नव्हते आणि जास्तही नव्हते. जास्त तेल निरुपद्रवी असते असे पुष्कळांना वाटते. पण पातळी फार वर गेली की फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाळलेले तेल दाब धरत नाही. मग गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिले. ड्रेन प्लग कोरडा, फिल्टरची बैठकही कोरडी. नवा फिल्टर बसवताना जुन्याचे रबरी पॅकिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि दुहेरी पॅकिंगमधून तेल उसळते, हा घरगुती तेलबदलातला नेहमीचा अपघात. तो येथे घडला नव्हता. रिकामा डबा पाहिला. त्यावर १५डब्ल्यू-४०, म्हणजे पुस्तिकेत सांगितलेलाच दर्जा. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा; पहिला आकडा थंडीतील वागणुकीचा, दुसरा तापलेल्या तेलाच्या घट्टपणाचा. असे तेल ४० अंश सेल्सियसला जेवढे घट्ट असते, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेच ते १०० अंशांना उरते. म्हणून थंड इंजिनावर दिसलेल्या दाबावर कधी विसंबू नये.

राहिला तारेचा प्रश्न. या स्विचची रचना साधी असते. दाब नसला की आतली जोडणी इंजिनाच्या अंगाला टेकते आणि दिवा पेटतो. दाब आला की ती सुटते. दिवा पेटलेला असताना मुलाने तार उपसली. दिवा विझला. म्हणजे वाटेत तार कोठे घासून अंगाला लागलेली नव्हती. आता दोनच शक्यता उरल्या: स्विच खोटे सांगत आहे किंवा दाब खरोखरच पडत आहे. या दोहोंतला निवाडा अंदाजाने होत नाही. स्विच काढून त्या जागी दाबमापक बसवावा लागतो. गावातील एका जुन्या मिस्त्रींकडे तो होता. ते रात्री आठला आले.

काटा प्रथम ३ किलोपर्यंत चढला. वडिलांचा चेहरा उजळला. मग इंजिनाचा वेग तोच असताना काटा उतरू लागला: २, दीड, १, अर्धा. तेथे मिस्त्रींनी इंजिन बंद केले. बहुतेक गाड्यांत दिवा पेटतो तो दाब अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही खाली गेल्यावर. तोवर तो गप्पच असतो. म्हणजे दिव्याने मुळीच थाप मारली नव्हती, उलट तो उशिराच बोलला होता. आणि दिवा येण्याजाण्याचे जे कारण वडील तारेत शोधत होते ते चेंबरात होते. इंजिन चालू असताना काहीतरी जाळीकडे ओढले जाऊन तिचे तोंड बंद करीत होते; इंजिन थांबले की ते सुटून खाली बसत होते. म्हणून विश्रांतीनंतर प्रत्येक वेळी गाडी दोन मिनिटे निरोगी दिसे.

"तेल काढण्याआधी आत काय घातलेस?" असे मिस्त्रींनी विचारले, तेव्हा मुलाने खाली मान घालून सांगितले. आतली घाण निघावी म्हणून त्याने जुन्या तेलात रॉकेल मिसळून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवले होते. ही जुनी रीत अजूनही सर्रास सांगितली जाते. तिच्यात दोन धोके असतात: पातळ झालेले तेल बेअरिंगांना सांभाळू शकत नाही, आणि वर्षानुवर्षे कोपऱ्यांत घट्ट बसलेला काळा गाळ एकदम सुटतो. विरघळला तर बरे. पण तो बहुधा खपल्यांनी सुटतो, आणि त्या थेट जाळीवर येतात.

आता निर्णय उरला. दादर पन्नास-साठ किलोमीटर. रात्री उशिरा निघायचे. वडील बराच वेळ पाट्यांकडे पाहत राहिले. त्यांची तळमळ मला कळत होती. दुसऱ्याच्या नुकसानीवर धीराचे शब्द बोलणे सोपे असते. मी एवढेच म्हणालो, "फुले एका रात्रीची आहेत, गाडी पोरांच्या शिक्षणापर्यंतची आहे." त्यांनी किल्ली काढून खिशात घातली. निम्म्या पाट्या शेजाऱ्यांच्या वाहनातून गेल्या, काही पहाटेच्या पहिल्या लोकलने डोक्यावरून गेल्या. उरलेला मोगरा घरीच तांबूस पडला. ते नुकसान खरे होते आणि ते कोणी भरून दिले नाही.

दुसऱ्या दिवशी चेंबर उतरवले. जाळीवर डांबरासारख्या खपल्यांचा थर होता. बोटभर जागा तेवढी उघडी. मिस्त्रींनी दोन बेअरिंगांची टोपणे सोडून शेल पाहिले. ओरखडे होते, पण तांबे उघडे पडलेले नव्हते. इंजिन वाचले होते. चेंबर आणि जाळी धुतली, नवे पॅकिंग, नवा फिल्टर, नवे तेल. पुन्हा दाबमापक लावून अर्धा तास गाडी तापवली. काटा २ च्या वर स्थिर राहिला.

परंतु अंगणातला वाद तेवढ्याने मिटला नाही. "यापुढे गाडीला हात लावायचा नाही," असे वडिलांनी मुलाला बजावले. घरातल्या सर्वांनाही तेच योग्य वाटले. कारण गाडी चालत होती, याने हात लावला आणि ती बंद पडली. मला मात्र हा न्याय अपुरा वाटला. तो गाळ एका दिवसात साचलेला नव्हता. डिझेलची काजळी तेलात उतरत असते. तेल वेळेवर बदलले तर ती त्याच्याबरोबर निघून जाते, न बदलले तर घट्ट होऊन बसते. मी मिस्त्रींसमोरच वडिलांना विचारले की याआधीचे तेल कधी बदलले होते. त्यांना आठवेना. हंगाम, लग्न, पाऊस, अशा कारणांनी ते दोनदा-तीनदा पुढे ढकलले गेले होते. पुढे ढकलण्याचा आवाज होत नाही, म्हणून त्याचा दोषही कोणाच्या नावावर लागत नाही. बिघाडाच्या वेळी ज्याचा हात गाडीत असतो त्याच्या नावावर सगळा हिशेब चढतो. मुलाची रॉकेलची युक्ती चुकीची होती, यात शंका नाही. पण दिवा पेटल्यावर गाडी नेऊ नका असे म्हणणाराही त्या घरात तोच एकटा होता.

वडील यावर काही बोलले नाहीत. मिस्त्री मात्र मुलाला म्हणाले, "पुढच्या वेळी तेल तूच बदल. मी बाजूला खुर्ची टाकून बसतो." या वर्षी तसे झाले. रॉकेल नाही, कसलीही वेगळी धुलाई नाही. इंजिन थोडे तापवून जुने तेल सावकाश गळू दिले, फिल्टरच्या बैठकीवर बोट फिरवून जुने पॅकिंग राहिले नाही हे पाहिले, मोजून तेल भरले, इंजिन सुरू करून दिवा विझण्याची वाट पाहिली आणि बंद करून पातळी पुन्हा तपासली. रिकामा फिल्टर भरेपर्यंत दिवा काही सेकंद राहतो, तेवढे चालते. दहा सेकंदांच्या पुढे गेला तर इंजिन तत्काळ बंद करावे.

वाडीत राहणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. जुने तेल काढून झाले की ते कुंपणाच्या कडेला ओतायचे किंवा वाळवी मरावी म्हणून झाडाच्या बुंध्याशी टाकायचे, ही आपल्याकडची सवय. आपली जमीन रेताड, विहिरी उथळ, बावखले हाताच्या अंतरावर. ओतलेले तेल जमिनीतून पाण्याकडेच जाते. त्या मुलाने दोन्ही वेळचे तेल झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवले आणि वापरलेले तेल रीतसर गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन केले. गणपतीच्या त्या धांदलीतही, कोणी न सांगता, हे काम त्याने नीट केले होते. आजीबाईंनी मला तो कॅन मुद्दाम दाखवला.