उंबरठ्याच्या अलीकडे

ईट, रात्री साडेअकरा.

आज पुन्हा 'उंबरठा' पाहिला. जब्बार पटेलांचा, १९८२ चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन महिलाश्रमाच्या नोकरीसाठी घर सोडते. परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. तो हे सांगतो किती शांतपणे! गिरीश कार्नाडांचा तो सभ्य, समंजस आवाज मला मारहाणीपेक्षा जास्त छळतो. सुखवस्तू घर, सगळं जागच्या जागी, आणि तरी जीव गुदमरतो.

आमच्या भूम तालुक्यात दूध आणि खव्याच्या भट्ट्या. माझी मावशी ४० वर्षं भट्टीपुढे दूध आटवत राहिली. नवऱ्याशी बोलणं एवढंच, की आज दूध किती निघालं. तिला कुणी दुःखी म्हटलं नाही. दुःखी म्हणायलासुद्धा काहीतरी घडावं लागतं ना! सुलभाकडे निदान शिक्षण होतं. मावशीला उंबरठ्याबाहेर फक्त माहेर होतं, आणि आईवडील गेल्यावर तेही भावजयीचं घर झालं.

सिनेमाच्या शेवटी सुलभा, म्हणजे स्मिता पाटील, आगगाडीत एकटी बसलेली दिसते. तो चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. मावशीने हा सिनेमा पाहिलेला नाही. उद्या फोन घेऊन तिच्याकडे जाते.