‘पॅक’ म्हणता आलं पाहिजे

पत्ते वाईट, असं आमच्या घरी कधीच कोणी म्हटलं नाही. कोकणातल्या आजोळी मे महिन्याच्या दुपारी पत्त्यांशिवाय जायच्याच नाहीत. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू. गणपतीत जागरणाला मोठी माणसं रमीला बसायची, आणि आम्ही पोरं काजूच्या बिया लावून खेळायचो. बिया संपल्या की उठायचं. उसन्या बिया कोणी देत नसे, आणि दिल्याच तर आजी दोघांनाही ओरडायची.

लग्न होऊन डोंबिवलीला आले. ह्यांचा लोकलचा ग्रुप होता. चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी, त्यावर पेपर पसरलेला, आणि व्हीटीपर्यंत तासभर रमी. (आम्ही बायका त्या वेळी लेडीज डब्यात भाजी निवडायचो, तो विषय वेगळा!) डाव कितीही रंगात आलेला असो, स्टेशन आलं की पत्ते खिशात. कोणी कधी “अजून एक डाव” म्हणून व्हीटीला बसून राहिल्याचं ऐकलं नाही. मस्टर वाट बघत असायचं ना!

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. कल्याणला राहतो, ठाण्याला नोकरी. मुलगा हुशार, निर्व्यसनी, देवाधर्माचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायला लागला आणि २०२३ पर्यंत तीन-एक लाख घालवून बसला. अर्धे पगारातले, अर्धे मोबाईलवरच्या झटपट कर्जाचे. माझी बहीण म्हणाली, “ताई, तू मास्तरीण, तूच बोल त्याच्याशी.” निवृत्तीनंतरही ही कामं सुटत नाहीत!

मी त्याला “का खेळलास?” असं विचारलं नाही. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. मी विचारलं, “उठायचास कधी?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, हरलो की उठवत नाही आणि जिंकलो की उठावंसं वाटत नाही.”

मला वाटतं सगळी गोम ह्या एका वाक्यात आहे. एका रात्री तो म्हणे अठरा हजार जिंकला होता. वीस झाले की बंद करू, असं ठरवलं. साडेतीन वाजता खात्यात शून्य.

गंमत अशी की खुद्द रमी हा खेळ थांबायला शिकवतो. तेरा पानं हातात आली, जोकर नाही, सिक्वेन्सची आशा नाही, तर शहाणा माणूस ‘पॅक’ म्हणतो. पहिलं पान उचलायच्या आत पॅक केलं तर २० पॉइंट, मधेच केलं तर ४०, आणि हट्टानं शेवटपर्यंत बसलं तर ८० पर्यंत. म्हणजे जितक्या लवकर सोडाल तितकं कमी नुकसान, हे नियमातच लिहिलेलं. भाचा प्रत्येक डावात बरोबर वेळी पॅक करायचा. पण रात्रीला पॅक म्हणायची सोय त्या खेळात नाही, ती आपली आपल्याला करावी लागते.

पूर्वी ती सोय बाहेरून होत असे. स्टेशन यायचं, आजी पानं वाढल्याची हाक मारायची, बिया संपायच्या. मटक्याचंच घ्या. इथले पुष्कळ लोक ‘कल्याण’ मटका आपल्या कल्याण शहराचा समजतात, पण ते नाव कल्याणजी भगत यांचं. १९६२ च्या सुमारास वरळीत त्यांनी तो सुरू केला. मटक्यानं किती संसार धुळीला मिळवले ते गिरणगावाला विचारा. पण त्यालासुद्धा ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ होतं! आकडा फुटायची वेळ ठरलेली, मधल्या वेळात माणसाला वाट बघावी लागायची. मोबाईलवरच्या टेबलाला क्लोज नाही. रात्री तीन वाजताही पाच भिडू तयार, डाव दोन-तीन मिनिटांचा, आणि पैसे भरायला बोट टेकवायचा अवकाश. नोट मोजून देताना हात जरा तरी अडखळतो, बोट अडखळत नाही.

“पण मावशी, हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय,” हा त्याचा मुद्दा. खरं आहे, १९६८ च्या निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला गेला. मग मी कागद-पेन्सिल घेतली. समजा, सहा जणांनी शंभर-शंभर रुपये लावले आणि टेबल चालवणाऱ्यानं शंभराला दहा कापून घेतले. एका डावात साठ गेले. असे दहा डाव झाले की सहाशे गेले, म्हणजे माणशी शंभर. सगळे सारखेच हुशार असतील तर हळूहळू सगळेच रिकामे होणार, आणि भरणार फक्त टेबलवाला. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला तो वेगळाच. कौशल्यानं शेजारच्याला हरवता येतं. कापून घेणाऱ्याला कसं हरवणार?

मी वर्गात सभापर्व सांगताना मुलांना विचारायचे, धर्मराजाची मोठी चूक कोणती? मुलं म्हणायची, द्रौपदीला पणाला लावलं ती. ते तर आहेच. पण मला त्याच्या पुढचा भाग जास्त विचारात पाडतो. धृतराष्ट्रानं सगळं परत दिलं होतं. राज्य, भाऊ, पत्नी, सगळं. पांडव घराकडे निघालेही होते. आणि पुन्हा बोलावणं आलं तेव्हा युधिष्ठिर परत येऊन बसला! बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास हा त्या दुसऱ्या बैठकीचा हिशेब आहे.

माझ्या बहिणीचंही तेच चाललं होतं. तिनं दोनदा एफडी मोडून त्याचं कर्ज फेडलं, आणि दोन्ही वेळा तो परत बसला. शेवटी ठाण्यात एका समुपदेशकाकडे गेले मायलेक. त्यांनी सांगितलं, कर्ज त्याचं त्याला हप्त्यानं फेडू दे, पगाराचं खातं बायकोकडे, आणि ‘थोडंच खेळीन’ हा करार नको. एकदा घसरलेल्या माणसाला मर्यादा कामाची नाही, पूर्णविरामच लागतो. हे मला तरी पटलं. ज्याला पाचशे रुपयांवर उठता येतं, त्याला कोणी सांगावं लागत नाही. आणि ज्याला सांगावं लागतं, त्याला पाचशेवर उठता येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं कायदाच केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी, मग कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी आठवड्याभरात टेबलं गुंडाळली. भाच्याचा फोन आला, “मावशी, सरकारनंच पॅक केलं!” तो हसला, पण पुढे म्हणाला की परदेशी साइटींच्या लिंका अजूनही येतात. म्हणजे कायद्यानं दार लावलं तरी कडी आतूनच घालावी लागणार.

कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. बहीण पूर्वी रात्री उठून त्याच्या खोलीतला उजेड बघायची, हल्ली म्हणे तिला झोप लागते. घरात असं कोणी असेल तर लपवू नका. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच आहे, पुण्यात मुक्तांगण आहे, आणि १४४१६ हा सरकारचा टेली-मानस फोन आहे. लाज हरण्याची वाटते तितकी विचारण्याची वाटू नये.

मी अजूनही पत्ते खेळते. नातवंडं आली की झब्बू, आणि बहुतेक वेळा मीच गाढव होते. असो. तुमच्या घरी पत्त्यांचा डाव कोण मोडायचं? आजी, आई की लाइट? जरूर कळवा.