गोल झालेला स्क्रू

स्क्रूच्या माथ्यावरची फुली झिजली की मिस्त्री लोक म्हणतात, ‘गोल झाला.’ मग छिन्नी, हातोडी आणि वैताग. माझे अब्बा गॅरेजवाले. हा शब्द मी शाळेत जाण्याआधीच शिकलो.

अशाच स्क्रूसाठी जपानात ओसाकाच्या ‘इंजिनिअर’ कंपनीने २००२ साली एक पक्कड आणली : नेजीसॉरस. जपानीत ‘नेजी’ म्हणजे स्क्रू. उरलेले नाव डायनॉसॉरचे. साध्या पकडीच्या तोंडात आडव्या खाचा असतात. स्क्रू फिरवताना त्या निसटतात. हिच्या टोकाशी आतून उभ्या खाचा आहेत. त्या माथ्याची कड बाहेरून धरतात आणि फुली गेलेला स्क्रूही फिरतो. माथा थोडा वर हवा, एवढीच अट.

पण फुली झिजते का? जुन्या जपानी मोटारसायकलींचे स्क्रू जेआयएस मापाचे. फिलिप्सचा पेचकस त्यांत पुरता बसत नाही. जोर दिला की वर उचलला जातो आणि कडा खातो. दोष स्क्रूचा नसतो.

मी उर्दू शाळेत शिकवतो. आठवी-नववीतून काही मुले गॅरेजात जातात. ‘याचं डोकं चालत नाही,’ असे म्हणून लोक मोकळे होतात. धडा वाचताना अडखळणारा तोच मुलगा जुन्या गाडीचा कार्बोरेटर खोलून पुन्हा बिनचूक जोडतो. म्हणजे धरायला कड आहे. बी.एड.ला अध्यापनाच्या अनेक पद्धती शिकवतात. वर्गात बहुधा एकच उरते : वाचा आणि लिहा. ओसाकात झिजलेल्या स्क्रूसाठी कुणी नवे हत्यार घडवले. आपल्या मुलांसाठी दुसरी पद्धत शोधणे त्याहून अवघड नसावे.