सरकता काठ

पुस्तकातली चित्रं पाठ करून जो माणूस नोव्हेंबरात बदकं बघायला जातो, त्याची जी गत व्हायची तीच माझी झाली. पुस्तकात थापट्या बदकाचं डोकं गर्द हिरवं, छाती पांढरीशुभ्र, कूस विटकरी. विष्णुपुरीच्या पाण्यावर मात्र सगळी बदकं एकजात मातकट. दुर्बीण पुसली, चष्मा पुसला, तरी मातकटच.

"सर, यंदा नुसत्या माद्याच आल्या का?"

"नर पण आलेत. त्यांचे कपडे बदलायचे राहिलेत अजून."

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबरला, सालिम अलींचा 12 ला. या दोन तारखांच्या मधला आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यातल्या एका कार्यक्रमात मी सरांच्या तावडीत सापडलो. कपड्यांचा खुलासा त्यांनी चालता चालता केला. वीण आटोपली की बदकांचे नर रंगीत पिसारा टाकून देतात. उडायची मोठी पिसंही एकदमच झडतात, त्यामुळे काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा दिवसांत भडक दिसणं म्हणजे शिकाऱ्याला आवतण, म्हणून मादीसारखा साधा वेश. पुढे पंख येतात, पण तो साधा वेश काही दिवस अंगावर राहतो आणि त्याच वेशात मंडळी आपल्याकडे येऊन उतरतात. नाताळ-संक्रांतीपर्यंत रंग भरतो. पुस्तकवाल्यांनी हे लिहिलेलं असतं, पण बारीक टायपात. नवखा माणूस चित्र बघतो.

नातेवाइकांचा सल्ला वेगळाच होता: पाणपक्ष्यांचेच फोटो काढायचेत तर मुंबईला जा, समुद्रावर जा, नांदेडात काय ठेवलंय? काही अंशी खरंच आहे. आमच्याकडून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. पण गोदावरीवर धरणं झाली, तशी पाहुण्यांची सोय झाली. जायकवाडीचं उद्घाटन 1976 ला झालं आणि दहाच वर्षांत तो जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करावा लागला. विष्णुपुरीचा शंकरसागर तर शहराला लागूनच आहे. काळेश्वराचं दर्शन घेऊन पायऱ्यांवर उभं राहिलं तरी समोर पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसतात. देवदर्शनाला आलेल्यांपैकी कुणी त्यांच्याकडे बघत नाही, हा भाग वेगळा.

तर मी पाण्याकडे बघत होतो. लांबवर काळे ठिपके, त्यांतले काही वारकरी पक्षी, काही बदकं, काही नुसतीच जलपर्णी. लेन्स 70-300, तीही सेकंडहँड. फोटो काढायचा, मोठा करून बघायचा, त्यात दाणे दाणे दिसायचे. ट्रायपॉड नव्हता म्हणून आईनं जुन्या पँटचा पाय कापून पिशवी शिवली आणि त्यात ज्वारी भरून दिली. जमिनीवर टाकून तिच्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही. ओल लागून ज्वारीला कोंब फुटले तेव्हा आतला माल बदलावा लागला, एवढीच तिची देखभाल.

माझा खरा गोंधळ मिटवला तो फुगवट्याच्या टोकाला भेटलेल्या एका भोयानं. थर्माकोलच्या ताफ्यावर बसून ते जाळं काढत काठाला आले.

"काय करायलाव सर?"

"पक्ष्यांचे फोटो काढतोय, मामा."

"मग पाण्याकडं काय बघायलाव? पक्षी तिकडं चिखलात बसायलेत की!"

मागे वळून बघितलं. ज्याला मी मोकळी ओली जमीन समजत होतो, ती हलत होती.

तिथून पुढे मी पाण्याऐवजी काठ बघू लागलो. आमच्याकडचा काठ जागेवर थांबत नाही. पावसाळ्याच्या शेवटी पाणी शेताच्या बांधाला लागतं. मग रब्बीसाठी, पिण्यासाठी उपसा सुरू होतो, ऊन खातं ते वेगळं, आणि काठ दर आठवड्याला थोडा आत सरकतो. मधली जमीन उघडी पडते. मध्यम प्रकल्पांवर माणसं तिथे गाळपेर करतात, हरभरा टाकतात. त्याच्याही पुढे, अगदी पाण्यालगतच्या पातळ गाळात किडे, अळ्या, शिंपले उघडे पडतात आणि पक्षी तिथे जमतात.

मला नावं येत नव्हती, म्हणून सरांनी सांगितलं, नावं राहू दे, कोण किती पाण्यात उभा आहे ते बघ. हे मात्र जमलं. शेकाट्या सगळ्यात आत; त्याचे लालचुटूक पाय इतके लांब की पाणी पोटाला लागत नाही. त्याच्या अलीकडे घोटाभर पाण्यात तुतवार. ओल्या चिखलावर कंठेरी चिखल्या: तुरुतुरु पळतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा पळतो. त्याची चोच आखूड आहे, त्यामुळे वर दिसेल तेच उचलावं लागतं. लांब चोचीचा पक्षी खोल खुपसून आत चाचपतो. एकाच गाळात प्रत्येकाचा मजला ठरलेला. पोहणाऱ्यांतही हेच. हळदी-कुंकू उथळ पाण्यात शेपूट वर करून उलटं होतं, टिबुकली सरळ बुडी मारते आणि भलतीकडेच वर निघते.

जवळून बघायला मिळाला तो छोटा टिलवा. चिमणीएवढा जीव, वजन काही ग्रॅम, वीण थेट सैबेरियाच्या टुंड्रात. मी बेशरमाच्या झुडपाआड पालथा पडून होतो. उठलो असतो तर तो उडाला असता, पडून राहिलो म्हणून तोच चरत चरत माझ्याकडे आला. चोच शिलाई मशीनच्या सुईच्या गतीनं चिखलात खालीवर होत होती. मधेच एक बारीक लालसर अळी बाहेर ओढली, ती तुटू नये म्हणून जरा ढिली सोडली, पुन्हा ओढली, गिळली. पायांमागे छोटे छोटे ठसे उमटत होते आणि पाण्यानं लगेच भरत होते. कॅमेरा हातात होता, बटण दाबायचं सुचलं नाही असं म्हणायला छान वाटलं असतं. पण दाबलं, भरपूर दाबलं. बहुतेक फोटोंत फोकस बेशरमाच्या पानावर आहे.

फोटोंच्या बाबतीत दोन शत्रू. पहिली टिटवी. तिला लांबूनच कळतं आणि ती अख्ख्या काठाला कळवते. तिच्या बोंबेनं एकदा थवा उठला की ती सकाळ गेलीच समजा. तिच्याकडे न बघता, तिरकं, रमतगमत गेलं तर कधी कधी ती गप्प राहते. दुसरा शत्रू ऊन. नऊ-साडेनऊनंतर चिखल तापतो, हवा थरथरते आणि लांबचा पक्षी फोटोत लोण्यासारखा मऊ येतो. मी लेन्स विकायला काढली होती. सर म्हणाले, लेन्स ठेव, लवकर उठ.

लातूरकडे उदगीर तालुक्यात तिरू प्रकल्पावरही सर घेऊन गेले. हाळी-हंडरगुळी म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला गुरांचा बाजारच आठवतो. बाजाराचं गाव ओलांडून पक्ष्यांसाठी पुढे जाणारे आम्हीच. तिथे जानेवारीत थापटे बघितले, यावेळी पुस्तकातल्यासारखे, हिरव्या डोक्याचे. दहा-बाराजण एका गोलात फिरत होते, प्रत्येकाची फावड्यासारखी चोच पुढच्याच्या मागे पाण्यात. त्या फिरण्यानं पाणी घुसळतं, खालचे सूक्ष्म जीव वर येतात आणि चोचीच्या कडेच्या दातेरी झालरीतून गाळून घेतले जातात. शेजारी शेतकरी उभे होते. त्यांचा जीव बदकांत नव्हता, पट्टकदंबांत होता. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो, 7000 मीटरच्या वर उडताना त्याची नोंद झाली आहे. पण दिवसभर पाण्यावर आराम करून रात्री तो कोवळ्या हरभऱ्यात उतरतो, आणि ज्याचा हरभरा आहे त्याला हिमालयाचं कौतुक सांगायला माझी जीभ रेटली नाही.

अडचण आणखी एक आहे, ती मोठ्यानं बोलता येत नाही. पाऊस भरपूर झाला की धरणं हिवाळाभर तुडुंब राहतात, गाळ उघडा पडत नाही आणि चिखल्या-टिलव्यांना बसायला जागा नसते. पाणी कमी असलं की फोटो चांगले येतात. आता 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या शेजारच्या माणसानं धरण जरा उतरलेलं बरं असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी पेपरात टक्केवारी वाचतो आणि गप्प बसतो.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे. थवा मोजायची रीत अशी: आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते किती जागा घेतात ते डोळ्यात धरायचं आणि तेवढ्या मापानं अख्खा थवा पुढे मोजत जायचा. ऐकायला सोपं आहे. निम्म्यात भोवत्या घार डोक्यावरून जाते, सगळे उठतात, फिरून दुसरीकडे बसतात आणि पुन्हा एकापासून सुरुवात. सरांनी मला वारकरी आणि शेकाटे नेमून दिलेत. एक पूर्ण काळा, कपाळाला पांढरा टिळा. दुसऱ्याचे पाय कुणीही ओळखेल. टिलवे आणि चिखले त्यांनी स्वतःकडे ठेवलेत. "तुझ्यावर विश्वास आहे," म्हणाले, "पण आकडे पुढं पाठवायचे असतात."