पाण्याला टेकलेली लांबी

३६ फूट म्हणजे किती? माहीमच्या आमच्या खोलीत दारापासून मोरीपर्यंत १८ फूट आहेत. अशा दोन खोल्या एकीपुढे एक ठेवायच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या करायच्या आणि समुद्रात सोडायच्या. एवढ्या जागेत अभिलाष टॉमी जवळजवळ आठ महिने एकटा राहिला आणि पृथ्वीला फेरी मारून आला.

हा माणूस आपल्या नौदलात होता. २०१२-१३ मध्ये मुंबईहून 'म्हादेई'तून निघून, कुठेही न थांबता तो एकट्याने जग फिरून मुंबईत परतला. त्याआधी त्याच बोटीतून दिलीप दोंदे चार मुक्काम करत एकट्याने जग फिरले होते. २०१८ साली टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरला. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला वादळात त्याच्या 'तुरीया'ची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि त्याला बोटीतून उचलून आणावं लागलं. २०२२ मध्ये तो पुन्हा त्याच शर्यतीत उतरला, या वेळी फायबरग्लासच्या बोटीतून.

या शर्यतीचे नियम गंमतशीर आहेत. बोटीचं डिझाइन १९८८ च्या आधीचं हवं. लांबी ३२ ते ३६ फूट. तळाला लांब कणा आणि त्यालाच मागे जोडलेलं सुकाणू. जीपीएस चालत नाही, सेक्स्टंटने सूर्य-तारे मोजून वाट काढायची. हे सगळं १९६८ च्या मूळ शर्यतीची आठवण म्हणून. तेव्हा नऊ जण उतरले आणि एकटा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन पुरी करून आला. त्याची ३२ फुटी सागवानी 'सुहेली' आपल्या मुंबईत बांधली होती.

२०२२ मध्ये १६ जण निघाले. न थांबता पोचले तिघंच. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, २७ एप्रिल २०२३ ला. दुसरा टॉमी, २९ एप्रिलला. तिची 'मिनेहाहा' केप जॉर्ज ३६ जातीची, त्याची 'बायानत' रस्टलर ३६. दोन्ही फायबरच्या, दोन्ही जुन्या घडणीच्या, दोन्ही ३६ फुटी. मग फरक कुठे?

मुंबईकराला हा फरक चटकन कळेल. बिल्डर सांगतो सुपर बिल्टअप, आपण राहतो कार्पेटमध्ये. नियमातली लांबी बोटीच्या अंगाची असते, वेग मात्र पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. रस्टलरची नाळ आणि पिछाडी पाण्याबाहेर झुकलेली. तिची पाण्यातली लांबी साधारण २७ फूट. केप जॉर्ज जवळजवळ उभ्या टोकांची, म्हणून साडेएकतीस. ढोबळ सूत्र असं: या लांबीचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, म्हणजे नॉटमधला कमाल वेग मिळतो. एकीचा सात, दुसरीचा साडेसात. अर्ध्या नॉटने काय होतं? दिवसाला १२ सागरी मैल. रोज एवढा वेग मिळत नाही हे खरं, पण फरक साचत जातो.

उलट बाजूही आहे. रस्टलरचं वजन साडेसात टनांच्या आसपास, केप जॉर्जचं साडेदहा. वारा पडला की जड बोट ढकलायला जास्त शीड लागतं. म्हणून केप जॉर्जच्या नाळेपुढे लांब काठी काढून तिथे जादा शीड लावतात. ते हाताळायला अंगात जोर हवा. मात्र जड बोटीत पाणी, धान्य, हत्यारं जास्त मावतात आणि लाटेत ती कमी उसळते. राहायला ती बरी.

नुसत्या आकड्यांवर निकाल लागत नाही. २०१८ च्या शर्यतीत पहिले तिघंही रस्टलर ३६ वरच होते. २०२२ मध्ये बुडालेल्या बोटीतल्या टापियो लेहतिनेनला उचलायला कर्स्टनने स्वतःची वाट सोडली, तरी ती जिंकली. टॉमीचं वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र मोडलं, तेव्हा त्याने बोटीतलंच सामान कापून ते जोडलं.

मी हे सगळं वाचत होते तेव्हा घरात दुसरीच तुलना चालू होती. आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार, कधी ते ठरत नाही. दादाचं म्हणणं, हक्क विकून बदलापूरला दोन खोल्या आणि हॉल घेऊ. बाबांचं म्हणणं, माहीम सोडायचं नाही. दोघं रोज रात्री विचारत, "चांगलं कुठलं?" मी एकदा म्हटलं, "कशासाठी चांगलं, ते आधी बोला." दादाला पोरीसाठी वेगळी खोली हवी होती, त्यापायी लोकलमध्ये रोज तीन तास घालवायची त्याची तयारी होती. बाबांना सकाळी रेतीबंदरपर्यंत चालायला आणि ओळखीच्या डॉक्टरकडे पायी जायला हवं होतं. एकाला साठवणीची बोट हवी होती, दुसऱ्याला हलकी. त्या रात्री पहिल्यांदा आवाज चढले नाहीत.

दादा बदलापूरला भाड्याने गेला. हक्क विकला नाही. पोरगी शनिवारी येते, आमच्या १८ फुटांत पाच माणसं झोपतात, आणि कोणाचा पाय कोणाला लागला यावरून हसणं होतं.

कोळीवाड्यातल्या एका काकांना मी विचारलं होतं, जुनी फायबरची होडी घेताना काय बघता? ते म्हणाले, "रंग नाय बघायचा. मुठीनं ठोकायची. टणक वाजली तर घ्यायची, भद् वाजली तर आत पाणी गेलंय." शिडाच्या जुन्या बोटी घेणारेही असंच करतात. फायबरचे थर सुटले असतील, डेकच्या आतलं लाकूड कुजलं असेल, तर आवाज बदलतो.

मागच्या महिन्यात स्ट्रक्चरल ऑडिटवाला आला. छोट्या हातोडीने जिन्यापाशी खांब ठोकत वर चढला. तळमजल्यावर टणक, पहिल्यावर टणक. आमच्या मजल्यावर तो थांबला, एकाच जागी तीनदा ठोकलं, खडूने गोल काढला. बाबा दारात उभे होते. त्यांनीही तो आवाज ऐकला. आत येऊन त्यांनी दादाला फोन लावला आणि पहिल्यांदाच विचारलं, "तुझ्याकडे माझी खाट कुठे मावेल रे?"