पंढरपूरचा खून, ठाण्याचा किल्ला आणि कल्याणचे हस्तांतर

१/
ठाणे स्थानक सोडून कल्याणची लोकल कळव्याकडे निघाली की काही क्षणांत खाडी मागे पडते. बहुतेक प्रवासी मान वर करूनही पाहत नाहीत. १८१६ साली मात्र ही खाडी म्हणजे दोन सत्तांमधील सीमा होती. अलीकडे साष्टी बेट, ठाण्याचा किल्ला आणि ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल; पलीकडे पेशव्यांचा कल्याण प्रांत. ही सीमा पुसली गेली, त्यामागे पंढरपुरात झालेला एक खून आहे.

२/
आधी सीमेविषयी. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला आणि डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांनी जिंकला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई आणि कल्याण मराठ्यांना परत मिळाले, साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली. तोच किल्ला आज ठाणे मध्यवर्ती कारागृह म्हणून ओळखला जातो.

३/
दुसरा धागा बडोद्याचा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह करून दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. गायकवाडांशी असलेल्या आपल्या वादात कंपनीचा निवाडा मान्य करण्याचे कलमही त्यात होते. पेशव्यांची थकबाकी आणि अहमदाबादचा इजारा हे त्या वादाचे मुख्य विषय. ते सोडवण्यासाठी १८१४ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास आले. त्यांच्या जीविताची हमी कंपनीने घेतली होती.

४/
पुण्यात त्यांची गाठ पडली ती त्र्यंबकजी डेंगळे याच्याशी. जासूद म्हणून चाकरीस लागलेला हा माणूस. १८०२ मध्ये बाजीराव महाडास पळाला असता पुण्याहून पत्राचे उत्तर विलक्षण वेगाने आणून त्याने धन्याची मर्जी संपादन केली, आणि पुढे तो दरबारातील सर्वांत प्रभावी कारभारी झाला. अहमदाबादच्या इजाऱ्याची मुदत संपताच तो गायकवाडांकडून काढून घेण्यात आला आणि त्र्यंबकजीच्या हाती देण्यात आला.

५/
शास्त्रीबुवांना वश करण्याचेही प्रयत्न झाले. बाजीरावाने आपली मेहुणी त्यांच्या मुलास देऊ केली. बोलणी बरीच पुढे गेली, आणि मग शास्त्रीबुवांनी माघार घेतली. पेशव्याच्या घराण्याशी ठरत आलेली सोयरीक मोडणे हा साधा नकार नव्हता. दरबारात तो उघड अपमान मानला गेला.

६/
जुलै १८१५. पेशवे यात्रेस पंढरपुरी गेले होते आणि शास्त्रीबुवाही बरोबर होते. त्या दिवशी त्यांची प्रकृती बरी नव्हती. तरी दर्शनास यावे म्हणून त्र्यंबकजीकडून पुनःपुन्हा निरोप आले आणि अखेर ते मोजक्या माणसांनिशी देवळात गेले. दर्शन झाले, त्र्यंबकजीशी बोलणे झाले. परतताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना तलवारींनी तोडले.

७/
पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी वेरूळला होता. त्याने चौकशी आरंभली. बडोद्यातील शास्त्रीबुवांच्या प्रतिस्पर्धी गटाची माणसेही तेव्हा पुण्यात होती आणि संशय त्यांच्यावरही होता. पण एल्फिन्स्टनने मुख्य बोट ठेवले ते त्र्यंबकजीवर. बाजीरावाने बरीच टाळाटाळ केली आणि अखेर सप्टेंबर १८१५ मध्ये त्याला कंपनीच्या हवाली केले. उघड न्यायसभेपुढे त्याच्यावर खटला चालला नाही. रेसिडेंटने गोळा केलेली माहिती हाच पुरावा आणि तोच निकाल ठरला.

८/
कैदी ठाण्याच्या किल्ल्यात आला. पहाऱ्यावर केवळ गोरे शिपाई नेमले होते, कारण देशी शिपाई फितूर होतील अशी धास्ती होती. नेमके हेच कैद्याच्या पथ्यावर पडले, कारण गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. एका अधिकाऱ्याचा मोतद्दार कैद्याच्या खिडकीखाली घोड्याची निगा राखत गाणे म्हणत असे आणि सुटकेची खबर त्या गाण्यातून वर पोहोचत असे, अशी कथा पुढे सर्वत्र झाली. बिशप हेबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात ते गाणे इंग्रजी पद्यात दिले आहे.

९/
१२ सप्टेंबर १८१६ ची रात्र पावसाची आणि काळोखी होती. शौचास जाण्याच्या निमित्ताने त्र्यंबकजी बाहेर पडला, तेथील भिंतीला आधीच पाडलेल्या भगदाडातून लगतच्या तबेल्यात शिरला, तट उतरला आणि खाडीपार झाला. कंपनीची हद्द तिथेच संपत होती. पुढे नाशिक-संगमनेरचे डोंगर, खानदेश आणि शंभू महादेवाच्या रांगा असा तो फिरत राहिला. भिल्ल, रामोशी, मांग अशा लोकांची फौज त्याच्याभोवती जमू लागली. आपल्याला काहीच ठाऊक नाही, असे बाजीराव सांगत राहिला.

१०/
इथे क्षणभर जपानकडे पाहावे. २४ मार्च १८६० रोजी एडो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर, बर्फ पडत असताना, हिकोनेचा दाइम्यो ई नाओसुके याला अठरा सामुराईंच्या टोळीने गाठून ठार केले. तो शोगुनशाहीचा ‘ताइरो’, म्हणजे सर्वोच्च मंत्री होता. सम्राटाची संमती न घेता १८५८ मध्ये अमेरिकेशी करार केल्याचा आणि विरोधकांना चिरडल्याचा राग त्याच्यावर होता.

११/
शोगुनशाहीने काय केले? तो आजारी असल्याचे जाहीर केले आणि मृत्यू कित्येक आठवडे अधिकृतपणे मान्यच केला नाही. आपल्याच दारात आपला मंत्री मारला गेला, हे कबूल करणे त्या सत्तेला परवडणारे नव्हते. तरी धाक गेला तो गेलाच. आठ वर्षांच्या आत शोगुनशाही संपली.

१२/
कंपनीने याच्या अगदी उलट केले. तिनेही हमी दिली होती आणि तिलाही आपला माणूस वाचवता आला नव्हता. पण ती नामुष्की तिने लपवली नाही. मोडलेल्या हमीचेच तिने मागणीपत्र केले. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने बाजीरावाला बजावले की, महिन्याभरात त्र्यंबकजी स्वाधीन करा आणि तोवर तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड आमच्या ताब्यात द्या. दुबळी सत्ता खून झाकू पाहते, तर बलाढ्य सत्ता त्याची किंमत वसूल करते.

१३/
वसुली झाली ती जून १८१७ च्या पुणे तहात. त्र्यंबकजी दोषी असल्याचे पेशव्याला तहनाम्यातच मान्य करावे लागले. कोणत्याही न्यायसभेत न तपासलेला आरोप अशा रीतीने दोन सत्तांच्या सही-शिक्क्याने ‘सिद्ध’ झाला. त्याबरोबर मराठेशाहीचे प्रमुखपद गेले, गायकवाडांवरील हक्क गेले आणि बेलापूर, आटगाव, कल्याण व त्यांच्या उत्तरेचा गुजरातपर्यंतचा कोकणातील मुलूख कंपनीकडे गेला. वर्षापूर्वी त्र्यंबकजीने ओलांडलेली खाडी आता सीमा उरली नाही.

१४/
५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला. त्याच वर्षी त्र्यंबकजीही पुन्हा पकडला गेला. या वेळी त्याला सह्याद्रीपासून फार दूर, काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात ठेवले. १८२४ मध्ये हेबर यांनी त्याला तिथेच पाहिले. त्याचा शेवटही तिथेच झाला.

१५/
या प्रकरणाची दोन वाचने रूढ आहेत. एकात त्र्यंबकजी हा हलक्या कुळीचा कपटी खुनी आहे. हे चित्र रंगवणाऱ्यांत इंग्रज अधिकारी होते, तसेच त्याचा उत्कर्ष सहन न झालेले पुण्यातील मानकरीही होते. दुसऱ्या वाचनात तो इंग्रजांशी झुंजलेला वीर आहे. दोन्ही वाचने सोयीची आहेत. पहिले वाचन न चाललेला खटला विसरते, तर दुसरे ज्याचा जीव गेला त्याला विसरते.

१६/
गंगाधरशास्त्री इंग्रजी रीतींचे शौकीन होते. झपझप चालत, भरभर बोलत आणि समोरच्याचे बोलणे मध्येच तोडत, असे वर्णन खुद्द एल्फिन्स्टननेच काहीशा थट्टेने केले आहे. तेवढ्यावरून ‘इंग्रजांचा माणूस’ म्हणून त्यांचा मृत्यू गौण ठरवला जातो. पण ते एका मराठी दरबाराचे वकील म्हणून दुसऱ्या मराठी दरबारात आले होते आणि वकिलाला अभय असते, हा संकेत कंपनीहून कितीतरी जुना आहे. तो मोडला गेला त्या रात्रीच पुणे दरबाराने आपली बाजू मांडण्याचा नैतिक अधिकार गमावला. मुलूख त्यानंतर गेला.

१७/
खून कोणी करवला, या प्रश्नावर इतिहासाच्या अभ्यासकाने संयम ठेवावा. खुनाचा लाभ कोणी घेतला, हे मात्र तहनाम्यात कलमवार लिहिलेले आहे. पुढच्या वेळी कळवा पुलावरून किंवा लोकलच्या दारातून खाडी दिसली, तर तटावरून उतरलेला कैदी आठवेलच. त्याच्याबरोबर विठ्ठलाचे दर्शन घेऊन बिऱ्हाडाकडे निघालेला, आणि तिथवर न पोहोचलेला, तो वकीलही आठवावा.